तवा आलाच नाही

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळचे सहा.

हे वाचणाऱ्या, तुला काही म्हणजे काही आठवत नाही, म्हणून हे लिहून ठेवावं लागतं आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरतोस. आता वाचणार कोण? मी तर वाचत नाही, अक्षराशी माझी जन्मात ओळख झाली नाही. म्हणजे राहिले मधुकरराव. मधुकरराव, चष्मा डोक्यावर आहे. टेबलाखाली शोधू नका, लिहा.

मधुकरराव म्हणजे आमचे वरच्या माळ्यावरचे भाडेकरू. कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षं स्टोअरमध्ये होते, आलेला माल रजिस्टरमध्ये चढवायचे. रिटायर झाले तरी हात शिवशिवतो. मी बोलते, ते लिहितात. मी 'मले' म्हणते, ते 'मला' लिहितात. लिहू द्या, वहीचाही काही मान असतो.

तर तीन तारखेला मी फोनवरून लोखंडी तवा मागवला. स्वतः. माइकचं बटण दाबलं, "लोखंडी तवा, जाड, धिरड्याचा" असं म्हटलं, फोटो आले, एकावर बोट ठेवलं. जुना तवा उन्मेष दिवाळीत पुण्याला घेऊन गेला. सूनबाईला, म्हणजे मेघाला, धिरडं त्याच तव्याचं लागतं म्हणे. लागू द्या. मुलगा नेला, तवा नेला.

आज उन्मेषचा फोन. तवा कसा निघाला, विचारतो. म्हटलं, आलाच नाही. तो म्हणाला, ॲपवर तर शनिवारी पोचला असं दाखवतं. म्हटलं, ॲप पुण्यात बसून दाखवतं, मी इथे मानकापूरला दारात बसून राहिली आहे. शनिवारी मी दिवसभर घरी होते. पोर्चमध्ये मेथी निवडत होते. दुपारी एक माणूस पाणी प्यायला थांबला, तेवढंच. तवा-बिवा काही नाही.

मग तो आपल्या आवडत्या विषयावर आला. एकटी राहतेस, गुडघे दुखतात, गेल्या आठवड्यात उंबऱ्याला अंगठा ठेचला, आता मागवलेल्या वस्तूचाही पत्ता नाही. पुण्याला चल. हे गेल्यापासून बारा वर्षं त्याचं हेच चालू आहे. मी म्हटलं, तुझी मदत न घेता पैसे परत आणून दाखवते. तो हसला. म्हणाला, "मी एकोणतीसला येतो. तोवर आणलेस तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही तर बॅग भरायची." म्हटलं, मंजूर.

मधुकरराव, ही शर्त नीट लिहा. खाली दोन रेघा ओढा. तो विसरतो.

संकल्प: उद्या बारापर्यंत पैसे खात्यात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारचे बारा.

नाही आले. पण आता रस्ता कळला.

कंपनीला फोन लावला. आधी मशीन बोलते. हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. आकडे मला येतात, शहर बसच्या नंबरावर शिकले. दाबले. मग गाणं लागलं. पस्तीस मिनिटं एकच गाणं. मी तोवर पोर्चपासून मागच्या नळापर्यंत अकरा चकरा मारल्या. बसवतच नाही. बाहेर मोटारसायकल थांबली की वाटतं, आला.

मग एक मुलगा बोलला. मला माताजी म्हणाला. माताजी, ओटीपी देऊन पार्सल घेतलेलं दिसतं. मी त्याला सुनावलं. ओटीपी मी कोणालाही सांगत नाही, फोन लावला की लागणारी पोलिसांची टेप रोज ऐकते. आजवर एकालाच सांगितला आहे. तो चांगला माणूस होता, ओट्यावर बसून पाणी प्यायला, मावशी म्हणाला, मी त्याला मूठभर चिवडा दिला. मुलानं विचारलं, हे कधी? म्हटलं, असंल कधीतरी, त्याचा इथे काय संबंध?

त्यानं फोन ठेवला की कटला, सांगता येत नाही. घाबरला असावा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

मधुकररावांनी माझ्या फोनमध्ये शोधून काढलं की पार्सल दिलं त्याचा फोटो असतो. मोठा करून पाहिला. मला धूसरच दिसतं, त्यांनी वाचून, म्हणजे पाहून सांगितलं. तपकिरी खोका. मागे निळ्या ताडपत्रीचं टोक. बाजूला बाईमाणसाचा पाय. अंगठ्याला पिवळी चिंधी.

मधुकरराव थोडा वेळ फोटो पाहत राहिले, मग खाली माझ्या पायाकडे. म्हणाले, यमुताई, अंगठा ओळखीचा वाटतो. मी म्हटलं, लोकांच्या बायकांचे पाय पाहत फिरता काय तुम्ही, सांगू का तुमच्या बायकोला, पुष्पलताबाईंना? त्यांनी फोन परत दिला.

हळदीची पट्टी काय मी एकटीच बांधते? नागपुरात इतके उंबरे आहेत.

फोटोवरून एक पक्कं झालं. तवा दुसऱ्या कोणत्या तरी बाईनं घेतला. आता फक्त ती कोण, एवढंच राहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

झोप लागली नाही. पहाटेपासून गल्लीतल्या बायकांचे पाय पाहिले. कोणाच्याच अंगठ्याला काही नाही. माझी पट्टी सोडून टाकली, उगीच गैरसमज नको.

आजची एक नोंद. पुष्पलताबाई बाजारातून नवी विळी घेऊन आल्या. शनिवारी! लोखंड! मी जिन्यावरच अडवलं. शनिवारी लोखंड आणि तेल उंबऱ्याच्या आत येत नाही, हे मी सांगायला पाहिजे का? विळी बाहेरच्या पायरीवर ठेवायला लावली. उद्या घ्या म्हटलं. आमच्याकडे पन्नास वर्षं असंच आहे. आलंच काही तर बाहेर ठेवायचं आणि रविवारी आत घ्यायचं. यात विसरण्यासारखं काही नाही.

मधुकरराव म्हणाले, स्टोअरचा नियम आहे, माल हरवला की आधी आपलंच गोडाऊन तपासावं. घर एकदा पाहून घेऊ का? म्हटलं, घर माझं आहे, त्यात पाहायचं काय? ते म्हणाले, बरं, निदान पोर्चमधल्या स्कूटरची ताडपत्री उचलून पाहू. बिलकुल नाही. यांची स्कूटर आहे ती. आणि रविवारी तिच्याखाली मांजर व्यायली आहे. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत ताडपत्रीला हात लावायचा नाही. मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

मला मांजराचंही आठवतं. आणि म्हणे, आईला लक्षात राहत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. रात्री नाही, दुपारीच. थकले.

सदरला जाऊन आले. मधुकररावांनी बिलावरून कंपनीचा पत्ता काढला. म्हटलं, फोन-बिन सोडा, समोर जाऊन उभी राहते, माझ्याकडे पाहून कोणीही पैसे देईल. ऑटो केला. पायऱ्या चढले, बेचाळीस. वर कोचिंग क्लास निघाला. पोरं इंग्रजी बोलायला शिकून राहिली होती. मास्तरीण म्हणाली, ती कंपनी दोन वर्षांपूर्वीच गेली, मावशी, रोज कोणी ना कोणी भांडायला येतं, आता आम्ही पाण्याचा माठच ठेवला आहे. पाणी प्यायले. तवा विचारला. तिनं डोक्याला हात लावला.

मधुकरराव उतरताना म्हणाले, ट्रिप वाया गेली. कशी वाया? आता सदर नाही, हे तर कळलं. अशी एकेक जागा कमी करत गेलं की शेवटी एकच उरते.

उद्यापासून शांत राहायचं. चकरा बंद.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

चकरा चौदा.

आज श्वेता नावाची मुलगी लागली. मराठी बोलणारी. आवाज गोड, स्वभाव नियमाचा. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, खातं कोणाच्या नावावर आहे ते सांगा, व्हेरिफिकेशनसाठी.

म्हटलं, यांच्या.

यांच्या म्हणजे?

घरच्यांच्या. नात वेदिका लहान असताना तिनं आजोबांच्या नावानं उघडून दिलं, ते तसंच आहे.

बरं, नाव सांगा.

"तुह्याजवळ लिहून आहे ना वं, मग मले काहून विचारून राहिली?"

ती म्हणाली, तुमच्या तोंडून आलं पाहिजे. म्हटलं, तू म्हण, मी हो म्हणते. ती म्हणाली, मला म्हणता येत नाही. म्हटलं, मलाही म्हणता येत नाही. तिच्या मागे दुसऱ्या मुलींचं बोलणं ऐकू येत होतं.

मधुकरराव पुढे होऊन फोनमध्ये ओरडले, "कृष्णकांत!" ती म्हणाली, सर, कस्टमरनी स्वतः सांगावं लागतं. कॉल संपला.

पन्नास वर्षांत मी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. हाक मारायची तर "ऐकलं का" म्हणायची. रेशन कार्डावर, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे दुसऱ्याला सांगायला लावलं. एका तव्यासाठी तोंडातून काढू? तवा जाऊ दे.

नको. जाऊ कसा दे? एकोणतीस तारीख आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. मग पहाटे सुचलं. नाव घेता येत नाही, पण नाव घेता येतं. उखाण्यात.

त्याच दिवशी, चार वाजता.

श्वेताच लागावी म्हणून तीनदा फोन कापला. चौथ्यांदा लागली. म्हटलं, विचार आता. तिनं विचारलं. मी पदर सावरला, तिला काय दिसणार होता, पण सावरला. म्हटलं,

"संत्र्याच्या साली ठेवल्या गच्चीवर वाळत,
कृष्णकांतरावांचं नाव घेते कंपनीचा नियम पाळत."

मग ती म्हणाली, "आजी, एकदा पुन्हा म्हणाल का? मी स्पीकरवर टाकते." म्हटलं. टाळ्या वाजल्या. कोणीतरी विचारलं, दुसरा येतो का?

लग्नात घेतलं, डोहाळजेवणात घेतलं, हळदीकुंकवात घेतलं. हे गेल्यावर मला नाव घ्यायला कोणी लावलं नव्हतं. बारा वर्षं झाली. मधुकरराव, हे लिहू नका. लिहिलंत? बरं, असू द्या.

तक्रार नोंदली. फोटोत घर नंबर दिसत नाही, म्हणून माझी बाजू पक्की आहे, असं ती म्हणाली. डिलिव्हरीवाल्याचीही तक्रार लिहू का, विचारलं. म्हटलं, लिही. दोनदा लिही.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

एका माणसाचा फोन. म्हणे, "मावशी, मी नत्थू बोलून राहिलो, पार्सलवाला, कन्हानहून." पुढे काही म्हणायच्या आत मी कापला. पोलिसांची टेप हेच सांगते. अनोळखी माणूस ओळख काढतो, मावशी म्हणतो, मग खातं रिकामं. पुन्हा आला, पुन्हा कापला. पाच वेळा. चिकाटी आहे मेल्याची.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी.

आले! अकराशे नव्व्याण्णव! फोन वाजला, मधुकररावांनी मेसेज वाचला, मी त्यांना तीनदा वाचायला लावला.

कोणाचीही मदत न घेता. एकटीनं. मधुकरराव, तुम्ही फक्त लिहिलं, वाचलं, नंबर लावला, पत्ता काढला, ऑटोत सोबत आले. बाकी सगळं मीच.

गल्लीत सर्वांना सांगितलं. समोरच्या कांताबाईंनी त्यांचा अडकलेला मिक्सर माझ्याकडे सोपवला. त्यांच्या जावयाचा मोबाइलही येणार आहे. मधुकररावांना म्हटलं, पोर्चमध्ये एक टेबल टाकू. ऑनलाइन तक्रारी, सकाळी अकरा ते एक, शनिवार बंद.

उन्मेषला अजून सांगितलं नाही. येऊ दे. समोर सांगेन आणि तोंड पाहीन.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

गेटशी एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, मफलर, जुनी स्कूटी. "मावशी, नत्थू." मी आतून कडी लावली, खिडकीतून सांगितलं, पैसे मिळाले, आता काही बोलायचं नाही. अर्धा तास उभा राहिला. मीही पडद्यामागे अर्धा तास उभी राहिले. त्याला पाहिल्यासारखं वाटतं. या लोकांचे चेहरे सारखेच असतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

पुन्हा आला. शेवटी मधुकरराव वरून उतरले, त्याच्याशी बोलले. मी कान दिला नाही. फक्त खिडकी थोडी उघडी होती.

मधुकरराव आत आले आणि म्हणाले, यमुताई, बाहेर या. म्हटलं, भाजी फोडणीला टाकली आहे. गॅस बंद केला त्यांनी, माझ्या घरात, स्वतः.

त्याच दिवशी. मधुकररावांनी आग्रह धरला की आजचं आजच लिहायचं, म्हणून.

नत्थूनं स्कूटरची ताडपत्री उचलली. मी ओरडले, पिल्लं आहेत! पिल्लं होतीच. तीन. खोक्यावर झोपली होती. तपकिरी खोका, अजून चिकटपट्टीही निघाली नव्हती.

नत्थू म्हणाला, "मावशी, तुमीच तं म्हणल्या त्या दिवशी. आज शनिवार हाय, लोखंड आत नाही येत, गाडीखाली ठेव, उद्या मी घेतो. मी म्हणलं, मावशी, फोटो काढा लागते. तुमी म्हणल्या, काढ, पण चेहरा नको. पाय आला."

मला काही आठवलं नाही. मग चिवडा आठवला. त्याच्या मुठीत दिला तेव्हा म्हणाला होता, कांदा नाही ना, आज शनिवार पाळतो मी पण.

म्हटलं, तू मग कंपनीला काहून नाही सांगितलं, बाईचा पाय आहे म्हणून? तो म्हणाला, "सांगितलं. ते म्हणे, कोणाचा पाय, सिद्ध कर. मी म्हणलं, म्हाताऱ्या बाईचा पाय कसा सिद्ध करू? सोडून देल्लं." तक्रार लागली त्या दिवसापासून त्याची आयडी बंद आहे. आयडी बंद म्हणजे काम बंद. सहा दिवस मेहुण्याच्या ट्रकवर कन्हानला वाळू भरून राहिला आहे. पाठ दुखते असं दाखवत नव्हता, पण स्कूटीवर बसताना कळत होतं.

ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

मांजर आली, पिल्लांना पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

कंपनीला फोन केला. पैसे परत घ्या म्हटलं. मुलगा म्हणाला, रिफंड हवा आहे का? म्हटलं, नको, द्यायचा आहे. तो म्हणाला, कोणत्या ऑर्डरचा रिफंड हवा आहे? अर्धा तास हेच. पैसे घेण्यासाठी नऊ बटणं आहेत, देण्यासाठी एकही नाही. आधी मी घाबरत होते की ते देणार नाहीत. आता ते घेत नाहीत.

मग श्वेता लागली. तिनं नीट ऐकलं. नाव विचारलं नाही, म्हणाली, तुमचा आवाज माहीत आहे. पण तक्रार मागे घ्यायची असेल, आणि त्या माणसाची आयडी चालू व्हायची असेल, तर खात्याला जो ईमेल जोडला आहे त्यावरूनच लिहून यावं लागतं. तो कोणाचा आहे?

उन्मेषचा.

मी तिला म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, आजी, यात विचार करण्यासारखं काय आहे? तिला काय माहीत?

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी.

विचार चालू आहे.

एकोणतीसला उन्मेष येतो. तो गेला की तीसला, फार तर एकतीसला फोन करीन. चार दिवसांनी काय फरक पडतो? नोव्हेंबरला एकतीस नसतो, असं मधुकरराव म्हणतात. त्यांना विचारलं नव्हतं.

किंवा असं करावं. नत्थूला अकराशे नव्व्याण्णव देऊन टाकावेत, त्याचेही भागले, माझेही. मधुकरराव म्हणाले, आणि आयडी? म्हटलं, तुम्ही फक्त लिहा.

किंवा मेघालाच फोन करावा. ती उन्मेषला सांगेल. म्हणजे नको.

दुपारी.

चकरा मोजल्या नाहीत. पोर्चमध्ये बसावं तर स्कूटर समोर. आत बसावं तर खिडकीतून स्कूटर. हे असते तर म्हणाले असते, जा, फोन लाव, मी चहा टाकतो. यांना चहा टाकता येत नव्हता. पण म्हणाले असते.

या घरात मी चोपन्न वर्षं आहे. कोणत्या फरशीवर पाय घसरतो, ते पायाला माहीत आहे. पुण्यात उन्मेषच्या फ्लॅटला अकरावा मजला आहे. खाली पाहिलं की माणसं दिसतात, चेहरे दिसत नाहीत. हाक कोणाला मारायची?

नत्थूच्या पाठीला वाळू आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी सात.

लावला. सगळं सांगितलं. शनिवार, खोका, मांजर, अंगठा. उन्मेष शेवटी म्हणाला, बरं, ईमेल टाकतो. अर्ध्या तासात टाकला. वेदिकाचा आवाज मागून आला, "आजी, पायाचा फोटो मला पाठव ना."

नत्थूला कळवलं. तो म्हणाला, आयडी चालू झाली की शनिवारी तुमच्याकडं मुद्दाम येतो. त्यालाही टोमणे येतात.

आता आजच्या दिवसात बॅग काढून ठेवते. रडायचं नाही. मी हरले नाही, फक्त शर्त हरले.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

उन्मेष आला. तवा काल, शुक्रवारीच, आत घेतला होता, आज शनिवार पडतो म्हणून. त्यावर धिरडी केली. पाच खाल्ली त्यानं. तवा छान आहे म्हणाला. पैसे कंपनीला कसे परत गेले ते त्यानंच पाहिलं. नत्थूची आयडी सकाळपासून चालू. दुपारी गेटशी येऊन हॉर्न वाजवून गेला.

पुण्याचं मात्र एक अक्षर नाही. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. स्कूटर पुसली, पिल्लांना दूध घातलं, मधुकररावांशी क्रिकेट. मी बॅग दारात, नजरेसमोर ठेवली होती. त्यानं ती उचलून कपाटावर ठेवली, म्हणाला, पायात येते, पुन्हा अंगठा ठेचशील.

काहीतरी मनात धरून आहे. मला चैन नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.

हे मला सांगायचं नव्हतं. पण वही आहे.

सकाळी चहाला मीच म्हटलं, बोलत काहून नाहीस? बोलून टाक एकदाचं. तो म्हणाला, काय बोलू? म्हटलं, शर्त. तो म्हणाला, कोणती शर्त?

विसरला होता. साफ. गंमत म्हणून बोलला होता आणि फोन ठेवताच विसरला होता.

इथे गप्प बसायचं होतं. पण मला इतका राग आला. अठरा दिवस माझा जीव टांगणीला आणि याच्या लक्षातही नाही! म्हटलं, तू असाच आहेस, तुला काही आठवत नाही, म्हणून मी लिहून ठेवलं आहे. मधुकरराव, वही आणा, बारा तारीख वाचा.

मधुकरराव उन्मेषच्या मागे उभे होते. मान हलवून हलवून नको म्हणत होते. वही पाठीमागे धरली. म्हणाले, यमुताई, चष्मा वर राहिला.

म्हटलं, चष्मा डोक्यावर आहे. वाचा.

वाचलं त्यांनी. हळू आवाजात. मी म्हटलं, जोरात. आणि दोन रेघाही दाखवा.

उन्मेषनं दोन रेघा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. म्हणाला, बरं झालं आई, आठवण दिलीस. मंगळवारचं तिकीट पाहतो.

२ डिसेंबर, मंगळवार. गाडीला तीन तास आहेत.

मी माझ्या मर्जीनं चालले आहे. चार महिन्यांसाठी. उन्मेष म्हणाला, बघू. बघायचं काही नाही, चार म्हणजे चार. मेघाला नीट धिरडं शिकवायचं आहे, तिचा तवा तापतच नाही म्हणे. नवा तवा सोबत घेतला आहे.

वही मधुकररावांकडे ठेवते. मी तिकडे कोणाकडून लिहवून घेणार? वेदिकाला मराठी लिहिता येतं, पण ती हसत लिहील.

मधुकरराव, आता हे शेवटचं आणि नीट लिहा, कारण तुम्ही विसरता. ताडपत्री रोज उचलून पाहायची, पिल्लांचे डोळे उघडले आहेत. कांताबाईंचा मिक्सर श्वेताला सांगा, माझं नाव घ्या, ओळखेल. दर पंधरा दिवसांनी मला पार्सल टाकायचं, आणि ते नत्थूच्या हाती द्यायचं, पोस्टात तोच नेऊन देईल. पार्सलात जवसाची चटणी, भिवापूरच्या मिरचीचं तिखट, मुगाचे सांडगे, संत्री हिरवट असतानाच, रस्त्यात पिकतील. नत्थूला त्यातला डबा आधी द्यायचा, चिवडा, कांद्याशिवाय. आणि जवसाच्या तेलाची बाटली नीट बांधून पाठवा. वार पाहू नका. शनिवारी पोचली तरी आत घेईन.